ओढ्यापलीकडचं विरजण

अंगणवाडीच्या टेबलावर त्रेपन्न वाट्या होत्या. एकेचाळीस कासारटेक गावठाणातल्या, बारा ओढ्यापलीकडच्या वस्तीतल्या. पन्नास स्टीलच्या, दोन काचेच्या, एक प्लास्टिकची. प्रत्येकीत त्या त्या घरातलं सकाळचं दही, चमचाभर. वाटीखाली घराचा क्रमांक लिहिलेली चिठ्ठी, आणि दह्यात बुडवलेली बोटभर लांब कागदी पट्टी. केतकीने पट्ट्या एकेक करून बाहेर काढल्या आणि पांढऱ्या कापडावर ओळीने मांडल्या.

बारा पट्ट्या निळ्या झाल्या होत्या. एकेचाळीस पांढऱ्याच राहिल्या होत्या.

केतकीने चिठ्ठ्या पुन्हा ताडून पाहिल्या. निळ्या पट्ट्या बेचाळीस ते त्रेपन्न या घरांच्या होत्या. मधली एकही सुटलेली नव्हती आणि बाहेरची एकही आलेली नव्हती.

"इतका स्वच्छ निकाल मी कधी पाहिला नव्हता," ती म्हणाली, आणि लगेच ओशाळली. "म्हणजे, वाईटच आहे. आम्ही दिलेलं विरजण गावात सगळीकडे मेलंय. पण या बारा घरांत टिकलंय. या घरांनी नेमकं काय वेगळं केलं?"

केतकी प्रयोगशाळेतून आलेली, नुकतीच एम.एस्सी. झालेली मुलगी. टेबलाभोवती गावच्या सात पोषण सख्या उभ्या होत्या. पगार नसलेलं काम. आठवड्यातून एकदा घरोघर जायचं, मोबाइलला भिंग लावून बायांची खालची पापणी ओढून फोटो घ्यायचा, रक्तातल्या हिमोग्लोबिनचा आकडा बघायचा, लहान पोरांची वजनं घ्यायची. शालन जगदाळे त्यांची प्रमुख. सातांतली एकटी सुगंधा खरात ओढ्यापलीकडची.

"काय केलं गं तुमी?" विमलने सुगंधाला विचारलं. विमल सगळ्यांत तोंडाळ.

"काय न्हाई. लावलं आन् खाल्लं," सुगंधा म्हणाली.

शालनला मात्र उत्तर तेव्हाच कळलं होतं.

*

ज्वारी-बाजरीत लोह असतं, पण त्याच दाण्यांत फायटिक आम्ल नावाचं एक द्रव्यही असतं. ते लोहाला असं धरून ठेवतं की भाकरी पोटात जाते आणि त्यातलं बहुतेक लोह तसंच बाहेर पडतं. साध्या दह्याने यात काही फरक पडत नाही. उलट दुधातलं कॅल्शियम लोहाला आणखी थोडं अडवतं. प्रयोगशाळेने दही लावणाऱ्या एका जिवाणूत दोन नवी जनुकं घातली होती. एक जनुक फायटिक आम्ल तोडायचं, दुसरं सुटलेल्या लोहाला आतड्यापर्यंत विरघळलेलं ठेवायचं. हे दही रोज भाकरीबरोबर खाल्लं की त्याच भाकरीतून तिप्पट लोह रक्तात जायचं. गोळ्या नकोत, इंजेक्शन नको. आणि एकदा दिलं की पुन्हा देणं नको, कारण विरजण बायका स्वतःच चालू ठेवतात.

दोन वर्षांपूर्वी सख्यांनी त्रेपन्न घरांत त्रेपन्न पुड्या वाटल्या होत्या. पहिल्या वर्षी गावातल्या बायांचा सरासरी आकडा दीडने वाढला.

पण या जिवाणूला ती दोन जास्तीची जनुकं सांभाळावी लागतात, म्हणून तो थोडा हळू वाढतो. एकटा असला तर काही बिघडत नाही. मात्र त्याच भांड्यात एखादा चपळ जिवाणू शिरला, तर रोज चमचाभर दही नव्या दुधात घालताना चपळाचा वाटा वाढत जातो. महिन्याभरात हळू वाढणारा मोजण्याइतकाही उरत नाही. दही तसंच दिसतं. उलट जास्त घट्ट लागतं.

"चैत्रात विमलच्या पुतण्याचं लगीन झालं," शालनने केतकीला सांगितलं. "मठ्ठ्याला डेअरीच्या दह्याच्या बादल्या आणल्या हुत्या. उरलेलं दही एकीनं विरजण म्हणून वापरलं. लई घट्ट लागलं. मग एकीचं बघून दुसरीनं नेलं."

"बरोबर!" केतकी खूश झाली. "म्हणजे विरजण मागण्याच्या रस्त्यानेच ते पसरलं. एका घरातून दुसऱ्यात, दुसऱ्यातून तिसऱ्यात." ती थांबली. "मग या बारा घरांत कसं नाही पोचलं?"

सगळ्या बायका टेबलाकडे बघू लागल्या.

"आमच्याकडं कुणी द्यायला आलं न्हाई ताई, आन् आमच्याकडनं कुणी न्यायला आलं न्हाई," सुगंधा म्हणाली. "ओढ्याला पूर आला हुता म्हणा."

"उन्हाळ्यात?" केतकीने विचारलं.

विमल फिसकन हसली.

ओढ्याला जानेवारीनंतर पाणी नसतं. पलीकडच्या बारा घरांचं दूध अलीकडच्या घरांच्या दुधाबरोबर डेअरीच्या एकाच कॅनमध्ये जायचं. पोरं एका बाकावर बसायची. बचतगट एक, फोनवरचा गट एक. फक्त विरजण पलीकडून कधी आणलं गेलं नव्हतं. आणायचं नाही असं कोणी कोणाला सांगितलेलंही नव्हतं. शालनच्या घरी सख्यांची बैठक असली की ती कागदी कपांत चहा द्यायची. सगळ्यांनाच द्यायची, म्हणजे एकीलाच दिला असं दिसायला नको. दोन वर्षं ती हे करत होती, आणि बाकीच्या सख्या तिला टापटिपीची म्हणायच्या.

"नवीन विरजण किती दिसांत मिळंल?" शालनने विचारलं.

"प्रत्येक खेपेला परवानगी लागते. दिवाळीच्या पुढेच जाईल, काकू."

दिवाळीच्या आधी शालनची सून प्रांजल बाळंत होणार होती.

*

प्रांजलला पाचवा संपत आला होता आणि तिचा आकडा आठ पूर्णांक एक होता. लोहाच्या गोळ्या तिला पचत नव्हत्या. तालुक्याच्या दवाखान्यात शिरेतून लोह द्यायला घेतलं तेव्हा तिचं तोंड सुजलं आणि श्वास अडकला. डॉक्टरीणबाईंनी सुई काढली आणि सांगितलं, पुन्हा ही जोखीम घ्यायची नाही. बाळंतपणाआधी आकडा दहाच्या वर आणा. नाहीतर रक्तस्राव थोडा जरी जास्त झाला, तरी ही पोरगी तो सोसणार नाही.

शालनचा मुलगा पुण्यात नोकरीला होता. रोज रात्री फोनवर तो एकच विचारायचा, "आज किती आला?"

दुसऱ्या दिवशी दुपारी, गल्ली जेवून निजलेली असताना, शालन ओढा उतरून सुगंधाच्या दारात गेली. पदराआड प्रयोगशाळेची नमुन्याची बाटली होती. पांढऱ्या झाकणाची, वर छापील पट्टी असलेली.

सुगंधा शेंगा फोडत बसली होती. "या की. आज हिकडं कुठं?"

"प्रांजलसाठी आलेय. थोडं विरजण हवं हुतं."

सुगंधाने शेंगांचं सूप बाजूला ठेवलं. "न्या की. त्यात काय. वाटी आणलीया?"

शालनने बाटली पुढे केली.

सुगंधाने ती हातात घेतली. छापील पट्टी वाचली, झाकण उघडून बघितलं, पुन्हा पट्टीकडे बघितलं. मग आत जाऊन बाटली काठोकाठ भरून आणली.

"झाकण घट्ट लावा," ती म्हणाली. "न्हाईतर घरात गेल्या गेल्या वासानं कळंल, कुठलं हाय ते."

शालनला काहीतरी बोलायचं होतं. "तसं न्हाई गं, आत्ती लई जुन्या वळणाच्या..."

"व्हय, व्हय. तुमच्या आत्तीला म्या काय आज बघतीया?" सुगंधा पुन्हा शेंगा फोडायला लागली.

*

"लॅबमधनं आलंय," शालनने घरी सांगितलं.

आत्तीने, म्हणजे शालनच्या सासूने हौसाबाईने, बाटलीला हात जोडले. ती पंच्याहत्तरीची होती, आणि नातसुनेचा आकडा तिला रोज रात्री सांगावा लागायचा. तिने स्वतः दूध कोमट केलं, स्वतः विरजण लावलं, भांड्याभोवती फडकं गुंडाळलं. सकाळी प्रांजलने पहिला घास घेतला.

"आई, याला धुराचा वास येतो," ती म्हणाली. "लॅबमध्ये चूल असते का?"

"खा गुमान," शालन म्हणाली.

प्रांजलने शालनकडे बघितलं आणि पुढे काही विचारलं नाही. वाटी मात्र चाटून पुसून संपवली.

तिसऱ्या दिवशी विमल वाटी घेऊन दारात हजर. "दिवाळीच्या पुढं म्हणत हुती, आन् आलं पण? एकट्याच खाता व्हय लॅबचं? माझ्या लेकीला पण जरा दे की." मग शेजारच्या दोघी. मग त्यांच्या जावा. शालनने कोणालाच नाही म्हटलं नाही. रक्त कमी असलेल्या बाया गावात प्रांजल एकटीच नव्हती, हे तिच्याइतकं कोणाला माहीत होतं? डेअरीचं दही फेकून भांडी उकळून घ्यायला मात्र तिने प्रत्येकीला बजावलं. पंधरवड्यात एकेचाळीसही घरांत ते दही लागत होतं, आणि प्रत्येक घरात त्याचं नाव लॅबचं दही होतं.

पुढच्या बैठकीत विमल म्हणाली, "त्या केतकीला साडी घेऊ या का गं सगळ्या मिळून? पोरीनं लई केलं आपल्यासाठी."

सगळ्यांनी माना डोलावल्या. सुगंधा कागदी कपातला चहा पीत होती. तिने कप संपवला, दोन बोटांनी चपटा केला, आणि म्हणाली, "घ्या की. हिरवी घ्या. तिला हिरवं शोभतंय."

शालनने तेव्हा तोंड उघडलं असतं तर ते सात जणींत राहिलं असतं. तिने रिकाम्या कपांचा ढीग उचलला आणि आत नेला.

प्रांजलचा आकडा आठ पूर्णांक नऊ झाला. मग नऊ पूर्णांक दोन. सातव्या महिन्याच्या अखेरीला नऊ पूर्णांक सहा.

*

केतकी परत आली तेव्हा तिच्याकडे वहीएवढं यंत्र होतं. गावातल्या बायांचे आकडे पुन्हा वर जाऊ लागल्याचं तिला प्रयोगशाळेतल्या पडद्यावर दिसलं होतं. प्रयोगशाळेने तर काही पाठवलं नव्हतं. सख्यांनीच काहीतरी मार्ग काढला असणार, एवढंच तिला कळलं होतं, आणि तो मार्ग तिला बघायचा होता.

पुन्हा त्रेपन्न वाट्या आल्या. पट्ट्या त्रेपन्नही निळ्या. या वेळी नुसत्या सख्या नव्हत्या, अंगणवाडीत चाळीसेक बाया जमल्या होत्या. हौसाबाई दाराजवळ खुर्चीवर बसली होती.

"आता गंमत बघा," केतकी म्हणाली. "जिवाणू स्वतःची नक्कल काढतो तेव्हा त्याच्याकडून क्वचित एखादं अक्षर चुकतं. ती चूक पुढच्या सगळ्या पिढ्यांत तशीच उतरते. मग विमलकाकूंच्या दह्यातली चूक त्यांच्या जावेच्या दह्यातही सापडली, आणि जावेच्या दह्यात आणखी एक नवी असली, तर कोणी कोणाला दिलं ते कळतं. वंशावळ असते ना, तशी दह्याची वंशावळ. भांड्याला जे आठवतं ते हे यंत्र वाचतं."

तिने यंत्राचा प्रकाश भिंतीवर टाकला. फांद्या उमटल्या. टोकांना घरांचे क्रमांक, क्रमांकापुढे नावं. बायका आपापलं नाव शोधून हसू लागल्या.

"अगं, माझं तुझ्याकडनं न्हाई, थोरल्या वयनीकडनं आलंय!"

"मी म्हणत हुते की न्हाई!"

"आणि हे सगळे एकेचाळीस," केतकीने बोट फिरवत फिरवत खाली आणलं, "एकाच भांड्यातून निघालेत. इथून शालनकाकूंकडे, आणि तिथून गावभर. हे बघा. घर क्रमांक सत्तेचाळीस. सुगंधाताई खरात." ती आनंदाने वळली. "सुगंधाताई, तुमच्या एका भांड्याने अख्खं गाव पुन्हा उभं केलंय!"

हसणं एका बाजूने थांबत गेलं, पंखा बंद केल्यावर थांबतो तसं.

"शालन," विमल म्हणाली, "तू तर म्हणलीस लॅबचं हाय."

केतकीने एकीकडून दुसरीकडे बघितलं. "लॅबने काही पाठवलं नव्हतं..."

"बाटली लॅबचीच हुती, ताई," सुगंधा म्हणाली. आवाज अगदी साधा. "खोटं न्हाई बोलल्या त्या. दही तेवढं माझं."

कोणी भांडलं नाही. बायका उठल्या, टेबलावरून आपापली वाटी ओळखून उचलली आणि गेल्या. हौसाबाईला उठायला हात लागायचा. शालनने तो पुढे केला. तिने घेतला नाही, खुर्चीचा दांडा धरून उठली.

संध्याकाळपर्यंत गल्लीच्या गटारातून पांढरं पाणी वाहत होतं. कुत्री ते चाटत होती. घरी शालनचं भांडं न्हाणीत पालथं पडलं होतं, आणि हौसाबाई ते बंबातल्या राखेने घासत होती.

"पोरीचं काय आता?" शालनने विचारलं.

"देव बघंल," हौसाबाई म्हणाली आणि घासत राहिली.

शालन गॅसच्या शेगडीपाशी बसून राहिली. भिंतीवर सुगंधाचं नाव उमटलं तेव्हा तिने आधी विमलकडे बघितलं होतं, मग सासूकडे, आणि सुगंधाकडे सगळ्यांत शेवटी. लाजही त्याच क्रमाने वाटली होती. हा क्रम आता तिच्या ध्यानात आला. दुपारी सगळ्यांसमोर उघडं पडताना जे वाटलं होतं, त्यापेक्षा हे वाईट होतं, कारण हे तिचं तिलाच दिसलं होतं.

प्रांजल येऊन दारात टेकली. ओठांना रंग नव्हता. "आई, मला पहिल्या दिवशीच कळलं होतं," ती म्हणाली. "धुराच्या वासावरून. मीही बोलले नाही."

*

दिवेलागणीला शालन ओढ्यापलीकडे गेली. या वेळी हातात घरातली वाटी होती, पण पदराखाली.

सुगंधा दारातच उभी होती. "दिवं लागलं की विरजण देत न्हाईत. ठावं हाय न्हवं?"

"सुगंधा, माझं चुकलं."

"व्हय," सुगंधा म्हणाली. ती दारातून बाजूला झाली नाही. "ती पोरगी खाणार आसंल तर देणार. तिनं काय केलंय माझं? पण उद्या या. सकाळी, नळाला पाणी आल्यावर. बाया असतील तवा. आन् ही वाटी वरनं धरून आणा, पदराखालनं न्हाई."

नळ गल्लीच्या तोंडाशी होता. पाणी आलं की वीसेक बाया रांगेत असायच्या, आणि ओढ्याकडे जायला दुसरी वाट नव्हती.

सकाळी शालन वाटी हातात घेऊन निघाली. वाटीवर तिच्या सासऱ्यांचं नाव कोरलेलं होतं, लग्नातल्या भांड्यांवर कोरतात तसं. नळाजवळच्या बाया तिच्या हातातल्या वाटीकडे बघू लागल्या.

"कुठं निघालीस गं?" विमलने विचारलं. तिला माहीत होतं.

"सुगंधाकडं. विरजण आणायला."

"पुन्यांदा?"

"पुन्यांदा. तवा चोरून आणलं हुतं."

एका घागरीतून पाणी ओसंडून वाहत होतं, कोणी ती बाजूला घेतली नाही. शालन पुढे गेली. पाठ भाजल्यासारखी वाटत होती. ओढा उतरताना तिने वाटी दोन्ही हातांत धरली होती, भरलेली असल्यासारखी.

सुगंधाने तिला आत बोलावलं, चटईवर बसवलं. वाटी घेऊन गेली आणि भरून आणली. मग चहा टाकला. घरात फळीवर स्टीलचे पेले होते, कान असलेले कप होते. सुगंधाने चहा कागदी कपात ओतून शालनपुढे ठेवला.

"अंगणवाडीतलं उरलं हुतं," ती म्हणाली. स्वतःसाठी तिने कान असलेला कप घेतला. "पी. निवंल."

शालनने कप उचलला. कागद गरम होता, बोटं भाजत होती. तिने सगळा चहा संपवला आणि कप खाली ठेवला. सुगंधाने तो उचलून चुलीत टाकला.

परतताना नळ कोरडा झाला होता, पण बाया गेल्या नव्हत्या. विमल भरलेली घागर कमरेवर घेऊन उभी होती. तिची लेक, जिचा आकडा आठच्या घरात होता, आईच्या मागून वाटीत डोकावून बघत होती.

घरी हौसाबाईने वाटी स्वयंपाकघरात येऊ दिली नाही. शालनने पुढच्या सोप्यातच दूध कोमट केलं, सोप्यातच विरजण लावलं, आणि प्रांजल रोज तिथे बसून खायला लागली. हौसाबाई त्या वेळी पाठ करून वाती वळत बसायची. चौथ्या-पाचव्या दिवशी मागे न वळता ती म्हणाली, "भांड्याभवती फडकं गुंडाळलंस का? गारठा हाय." तिने स्वतः ते दही कधी खाल्लं नाही.

केतकी रोज रात्री शालनला फोन करायची, आणि प्रत्येक वेळी तेच म्हणायची, "काकू, मी विचारायला हवं होतं. उन्हाळ्यात पूर कसा येईल, हे मी विचारलं, आणि उत्तर न ऐकताच पुढे गेले."

"तुला कुणी सांगितलं न्हाई, बाळ," शालन म्हणायची. "आमाला सांगायला लागत न्हाई."

नववा लागला तेव्हा केतकी पुन्हा आली. प्रांजलची पापणी ओढून तिने भिंग धरलं. आकडा दहा पूर्णांक तीन आला. तिने पुन्हा एकदा घेतला. तोच आला.

मग अंगणवाडीत टेबल मांडलं. त्रेपन्न वाट्या, त्रेपन्न चिठ्ठ्या, त्रेपन्न पट्ट्या. निळ्या एकोणीस झाल्या. बारा ओढ्यापलीकडच्या, सात अलीकडच्या.